आपल्या हातापायांचे मूळ : कल्ल्यांत की कातडीच्या घडीत?

बाजारातून आणलेला बांगडा आणि रोहू शेजारी-शेजारी ठेवून पाहिले, तर दोघांच्याही अंगावर दोन प्रकारचे पर दिसतात. पाठीवर, शेपटीला आणि पोटाखाली शरीराच्या मध्यरेषेवर असणारे पर एकेकटे असतात. कल्ल्यांच्या झाकणामागे मात्र डावा-उजवा अशी एक जोडी असते. हे अंसपर. पोटाच्या बाजूला दुसरी जोडी असते. ते श्रोणिपर. रोहूमध्ये ही दुसरी जोडी पोटाच्या मध्यावर असते, तर बांगड्यात ती पुढे सरकून अंसपरांच्या जवळजवळ खाली आलेली असते. मोठ्या झालेल्या पापलेटला ती नसतेच.

पाण्यात पुढे जाण्याचे मुख्य काम बहुतेक मासे शरीर आणि शेपटी हलवून करतात. जोडीचे पर त्या गतीला आवर घालतात. वळणे, थांबणे, वर-खाली होणे, कुशीवर कलंडू न देणे ही त्यांची कामे. त्यांच्या बुडाशी शरीरात सांगाड्याचा एक आधार असतो, त्याला मेखला म्हणतात. पुढे जमिनीवर आलेल्या प्राण्यांत अंसपरांचे हात झाले आणि श्रोणिपरांचे पाय. म्हणून जोडीचे पर कोठून आले, हा प्रश्न आपल्याच हातापायांचा आहे. लँप्रीसारख्या जबडा नसलेल्या माशांना मधले पर आहेत, पण जोडीचे नाहीत. मग ही जोडी आली कोठून?

पहिले सविस्तर उत्तर जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल गेगेनबाउर यांनी १८७० च्या दशकात दिले. मुशीसारख्या माशांत कल्ल्यांना आधार देणाऱ्या कूर्चेच्या कमानी असतात आणि प्रत्येक कमानीवर बारीक काड्यांची रांग असते. गेगेनबाउर म्हणाले, सर्वांत मागची कमान म्हणजे मेखला झाली आणि काड्यांचा झाला पर. अंसपर कल्ल्यांच्या अगदी मागेच असल्यामुळे हे पटण्यासारखे होते. अडचण श्रोणिपरांची होती. ते कल्ल्यांपासून फार दूर. त्यावर त्यांचे उत्तर असे, की ती जोडी सरकत सरकत मागे गेली.

लवकरच दुसरे उत्तर पुढे आले. अमेरिकेत जेम्स थॅचर यांनी १८७७ मध्ये आणि इंग्लंडमध्ये सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी १८७९ मध्ये मधल्या व जोडीच्या परांच्या सांगाड्यातले साम्य दाखवले. त्यांच्या मते माशाच्या दोन्ही कुशींवर पूर्वी कातडीची लांब घडी होती. तिचा मधला भाग नाहीसा झाला आणि पुढचा-मागचा भाग उरला, म्हणून दोन जोड्या. केंब्रिजचे तरुण भ्रूणशास्त्रज्ञ फ्रान्सिस बाल्फर यांनाही शार्क व टॉर्पेडो यांच्या भ्रूणांचा अभ्यास करताना असेच वाटले. टॉर्पेडोच्या भ्रूणात पुढच्या आणि मागच्या परांना जोडणारा उंचवटा त्यांना दिसला होता. १८८२ मध्ये आल्प्समध्ये गिर्यारोहण करताना बाल्फर मरण पावले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३० होते.

पुढे अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लॅडोसेलॅकी या प्राचीन शार्कचे जीवाश्म मिळाले. त्याच्या परांचे बूड रुंद होते, जणू घडीचाच उरलेला तुकडा. घडीच्या बाजूचे पारडे जड झाले आणि बऱ्याच पाठ्यपुस्तकांत तेच उत्तर पक्के म्हणून छापले गेले. पण हा शार्क सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि जोडीचे पर त्याच्याही कोट्यवधी वर्षे आधीचे. नातवाचा चेहरा पाहून पणजोबांचे वर्णन करावे, तसे हे झाले.

त्यानंतर जनुकांचा पुरावा आला, आणि तो दोन्ही बाजूंना मिळाला. २००६ मध्ये शार्कच्या भ्रूणांवरील अभ्यासात दिसले, की जोडीच्या परांची घडण ठरवणारी काही जनुके मधल्या परांतही तशीच काम करतात. मधले पर आधीचे असल्यामुळे ती यंत्रणा तिथून उसनी घेतली गेली असावी. २०१६ मध्ये स्केट माशाच्या भ्रूणात 'सॉनिक हेजहॉग' जनुकाचा संदेश अडवला, तेव्हा कल्ल्यांच्या काड्यांची संख्या व दिशा बिघडली. हाता-पायांच्या वाढीतही हाच संदेश असेच काम करतो. म्हणजे गेगेनबाउरही अगदीच चुकले नव्हते.

गेल्या काही वर्षांत जीवाश्मांनीही नवे काही सांगितले. २०२२ मध्ये चीनमधून तुजियास्पिस या ४३.६ कोटी वर्षांपूर्वीच्या, जबडा नसलेल्या माशाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत घडी आहे! संगणकावर पाण्याचा प्रवाह तपासला, तेव्हा अशी घडी न हलवताही माशाला वर उचलून धरते असे दिसले. २०२३ मध्ये सायबेरियात सापडलेल्या ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या कोलिमास्पिस या चिलखती माशाच्या कवटीचे क्ष-किरणांनी आतून चित्रण झाले. त्यावरून संशोधकांनी मांडले, की अंसमेखलेचा उगम कल्ल्यांच्या कमानीशी जोडता येतो. परांचा पडदा घडीतून आणि त्याला धरणारी मेखला कल्ल्यांतून, असेही असू शकते.

याचा अर्थ 'दोघांचेही बरोबर' असे म्हणून प्रश्न मिटला असा नाही. अंसमेखलेचा कल्ल्यांशी संबंध मानला, तरी श्रोणिमेखला कोठून आली हे सांगावेच लागते. शिवाय ऑस्टिओस्ट्रॅकन नावाच्या, जबडा नसलेल्या माशांना अंसपर होते पण श्रोणिपर नव्हते. दोन्ही जोड्या एकदमच अवतरल्या, असे धरून चालता येत नाही.

वर्गात हा विषय घेताना उत्तरापेक्षा वाद मांडावा, असे आम्हांला वाटते. मुलांना दोन्ही कल्पना सांगून विचारावे : पहिली खरी असेल तर भ्रूणात काय दिसायला हवे? दुसरी खरी असेल तर खडकात काय सापडायला हवे? थॅचर-मिव्हार्टनी कल्पिलेल्या घडीसारखी घडी खडकात स्पष्ट दिसायला १४० वर्षांहून अधिक काळ लागला. पण काय शोधायचे, हे त्या कल्पनेने आधीच सांगून ठेवले होते.