आडवी चिलीम

सुरतेच्या गोडादऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानाचा एक गल्ला आहे. संध्याकाळी लूमची पाळी सुटली की तिथे एकाच पानाला चार नावांनी हाका पडतात. अमळनेर-धुळ्याकडचा माणूस ‘तंबाखू’ मागतो. गल्ल्यावरचा काठियावाडी तेच ‘तमाकु’ म्हणून पुढे करतो. गंजामकडचा ओडिया कारागीर त्याला ‘धुआँपत्र’ म्हणतो. छपरा-सिवानकडचा मात्र डाव्या तळहाताची वाटी करून सांगतो, ‘सुरती’.

सुरतेत राहून सुरती मागणारा हा माणूस पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आलं होतं. इथल्या मूळ रहिवाशाला विचाराल तर ‘सुरती’ म्हणजे तो स्वतः, त्याचा लोचो आणि त्याचं ऊंधियुं. आपल्याकडे पूर्वी ‘सुरती’ म्हणजे रुपया होता, सुरतेच्या टांकसाळीतला. आणि भोजपुरी मुलखात सुरती म्हणजे चुन्याबरोबर मळायची तंबाखू. ‘हिंदी शब्दसागर’ या शब्दाचं मूळ सूरत शहरातच दाखवतो आणि पोर्तुगिजांनी तिचा प्रसार पहिल्यांदा इथे केला असावा, असं अनुमान जोडतो. अनुमान खरं-खोटं काहीही असो, आज ती सुरती पिकते बिहारात, चुनौटीतून, म्हणजे चुन्या-तंबाखूच्या डबीतून, प्रवास करते आणि नाव सांगते आमच्या गावाचं. गावाला मात्र याचा पत्ता नाही.

हे सगळं डोक्यात घोळायला कारण झाला माझा भाचा. परवा घरी येऊन म्हणाला, “मामा, पाईप घ्यायचा विचार आहे. कुठला घेऊ?”

“नळवाल्यालाच बोलवा ना,” आतून मामीचा आवाज आला.

तिची चूक नाही. गोडादऱ्यात पाईप म्हणजे बोअरचा किंवा गटाराचा. ओढायच्या पाईपाला मराठीने वेगळा शब्द केलाच नाही. भाच्याला हवा होता तो चित्रपटातल्या बॅरिस्टरच्या ओठात असतो तो. मी आयुष्यात पाईप ओढलेला नाही. विडी कॉलेजात दोन महिने ओढली, तीही खोकण्यासाठीच. त्यामुळे त्याला सल्ला देण्याची माझी लायकी शून्य. पण शब्द मागितले तर ते मात्र आपल्याकडे आहेत.

पहिला शब्द ‘पाईप’च घ्या. लॅटिनमध्ये त्याचं मूळ चिवचिवण्यात आहे. त्यातून फुंकायची पोकळ काडी, म्हणजे पावा, आणि मग कुठलीही नळी. धुराची नळी हा अगदी शेवटचा अर्थ. आता हुक्क्याकडे वळा. हुक्क्याच्या लांब नळीला मराठीत ‘नेचा’ म्हणतात. फारसीत नै म्हणजे वेळू, आणि नै म्हणजे बासरीही. नैचा ही छोटी नै. युरोपातला आणि इराणातला माणूस धूर ओढायला बसले तेव्हा दोघांच्याही हाती आधी बासरीच लागली. आपला ‘नळ’ आणि ‘नळी’ही संस्कृतातल्या नड-नल या बोरूसारख्या गवतातून आले, आणि वैद्याच्या बोटाखालची नाडीही त्याच कुळातली. एवढंच काय, आमच्या लूमच्या धोट्यात बसते ती सुताची ‘कांडी’ हीसुद्धा कांडाची, म्हणजे बोरूच्या पेराचीच लेक. वॉटरजेट लूम आले तिथे धोटा गेला आणि कांडीही गेली. जुन्या कारखान्यांत मात्र पोरं अजून कांड्या भरतात. त्या पोरांच्या हातातली आणि त्या बॅरिस्टरच्या ओठातली वस्तू एका बेटातली आहे, हे सांगितलं तर दोघंही मला वेड्यात काढतील.

हुक्का हा शब्द पाण्याच्या भांड्यावरून आला. अरबीत हुक्का म्हणजे डबी, कुपी. गुडगुडी त्या भांड्यातल्या आवाजावरून आली, तिला कोशाची गरज नाही. आणि अरब-तुर्कांचा ‘नारगिले’ म्हणजे साधा नारळ. करवंटीचा हुक्का होता म्हणून फारसीने नारगील म्हटलं, आणि फारसीकडे तो शब्द आपल्या नारिकेलातून गेला होता. इस्तंबूलच्या कॉफीखान्यात पर्यटक नारगिले मागवतो तेव्हा तो नकळत कोकणातल्या शहाळ्याच्या भाऊबंदालाच हाक मारतो.

आता तंबाखू. कोलंबसाच्या माणसांनी १४९२ साली कॅरिबियन बेटांवर ती पाहिली आणि ‘तबाको’ हा शब्द स्पॅनिशमध्ये आला. पण तो शब्द तिथल्या लोकांच्या तोंडी कशाला होता, यावर तेव्हाच्या दोन लेखकांत एकमत नाही. लास कासास म्हणतो, पानांच्या गुंडाळीला. ओव्हिएदो १५३५ सालच्या ग्रंथात म्हणतो, धूर नाकात ओढायच्या दोन फाट्यांच्या नळीला. ओव्हिएदो बरोबर असेल तर तंबाखूचं नाव मुळात पाईपाचं होतं, ते पानाने पळवलं! तिसरा पक्ष तर शब्दाचं मूळ एका औषधी झाडपाल्याच्या जुन्या अरबी नावात शोधतो. मला ओव्हिएदो आवडतो. पण आवड म्हणजे पुरावा नव्हे. मग पोर्तुगीज गलबतांतून तो शब्द आपल्या किनाऱ्याला लागला. वाटेत कुठेतरी त्याला अनुस्वार चिकटला, आणि मराठीने ‘क’चा ‘ख’ करून त्याला खाकरायला लावलं.

मुघल दरबारात तंबाखूची स्वारी दख्खनमधूनच गेली. अकबराचा वकील असद बेग विजापूरहून १६०४-०५च्या सुमारास परतला तो तंबाखू आणि रत्नजडित चिलीम घेऊन. नळी तीन हातांची, सुमात्रातल्या अचेहून आणलेली, आणि तोंडाशी येमेनी अकीक. हे सगळं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, हकिमाने आमच्या ग्रंथांत हे नाही म्हणून नापसंती दाखवली. जहांगिराने १६१७मध्ये बंदीच घातली, आणि ती कोणी पाळली नाही. १६१६ साली सुरतेजवळच्या सुवाळीला उतरलेला पाद्री एडवर्ड टेरी तर इथल्या लोकांची मातीची भांडी, त्यांतलं पाणी, वरचा निखारा आणि ओढायची बारीक नळी यांचं वर्णन मोठ्या कौतुकाने करतो. धूर गार होऊन येतो, हे त्याला पटलं होतं.

हकिमाच्या ग्रंथांत तंबाखू नव्हती, हे खरं. आपल्याही नव्हती. पण नळी होती! चरकाच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायात ‘धूमनेत्र’ आहे. औषधांचा लगदा बोरूच्या काडीवर थापायचा, वाळला की काडी काढून घ्यायची, ती वात तुपात माखून नेत्रात बसवायची आणि पेटवायची. नळीची लांबी कामाप्रमाणे : चोवीस, बत्तीस किंवा छत्तीस अंगुळं, तीही ज्याची त्याच्या बोटांनी मोजून. कारण असं दिलंय की लांबून आलेला, पेरापेरांत अडलेला, नळीत पातळ झालेला धूर इंद्रियांना त्रास देत नाही. हे मी भाच्याला वाचून दाखवलं. तो चाटच पडला, कारण नव्या पाईपवाल्याची मुख्य तक्रार जीभ पोळण्याची, आणि उपाय हाच : लांब नळी, कोरडी तंबाखू, सावकाश झुरका. इंग्रज अशा लांब पाईपाला ‘चर्चवॉर्डन’ म्हणतात, म्हणजे देवळाचा विश्वस्त. त्याच अध्यायात अवेळी आणि अती धूर प्यायल्याने बहिरेपण, आंधळेपण, मुकेपण, रक्तपित्त आणि भोवळ येते, असंही आहे. ते वाक्य मी मुद्दाम मोठ्याने वाचलं. चरकाचा धूर औषधी, तरी त्याला हा धाक. तंबाखूचं तर विचारायलाच नको. पाईपाचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून काय झालं, तोंड आणि घसा आपलेच असतात.

चरक धूर ‘प्यायला’ सांगतो, हे लक्षात घ्या. धूमपानातलं पान तेच. प्रमाण मराठी माणूस विडी ‘ओढतो’. हिंदी-गुजराती माणूस ‘पितो’, आणि आमचा खान्देशीही. अहिराणीत ‘तो बिडी पेस’. शिकलेला पाहुणा याला हसतो. त्याला सांगावं, सतराव्या शतकातले इंग्रजही तंबाखू पीतच होते, आणि चरक तर धुराचे ‘कवल’ म्हणजे घासच्या घास मोजतो.

पाईप कशाचा घ्यावा? उंची पाईप ‘ब्रायर’चे, फ्रान्समधल्या सेंट क्लोदसारख्या गावांत घडवलेले. इंग्रजी ब्रायर ऐकून काटेरी झुडूप डोळ्यांपुढे येतं. मूळ फ्रेंच शब्द ‘ब्रुयेर’ हा एका काटे नसलेल्या झुडपाचा, आणि पाईप होतो त्याच्या मुळाच्या गाठीचा. दुसरा पांढराशुभ्र ‘मीरशाम’, तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या खाणींतला. जर्मन शब्दाचा अर्थ समुद्राचा फेस. म्हणजे आपला समुद्रफेनच की! पण काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मागितलात तर माखलीच्या पाठीचं हाड पुडीत बांधून मिळेल. तिसरा पाईप मक्याच्या बुरकुंडाचा. अमेरिकेतल्या मिसूरीत एक कंपनी १८६९पासून तो बनवते आणि त्याला बिनदिक्कत मिसूरीचा मीरशाम म्हणते. स्वस्त, हलका, बिघडला तर हळहळ नाही. मी म्हटलं, हाच घे. खान्देशात बुरकुंडं चुलीत जातात, तिकडे त्यांना मुखी लावतात.

तंबाखूच्या डब्यांवरची नावंही त्याने मला दाखवली. त्यांत ‘लताकिया’ होती, शेकोटीच्या धुरात मुरवलेली. लताकिया हे सीरियातलं बंदर. सेल्युकसने आपल्या आईच्या, लाओडिसीच्या नावाने वसवलेलं. हल्ली ती तंबाखू बरीचशी येते सायप्रसहून, नाव मात्र बंदराचंच. आमच्या सुरतीची सख्खी बहीण! ‘व्हर्जिनिया’ पिवळी असते. फारसीत पिवळा म्हणजे जर्द, म्हणून पिवळ्या पानाचा तो जर्दा. आता काळपट सुगंधी तंबाखूलाही जर्दाच म्हणतात. आणि नवशिक्याला हमखास भुलवणारी ती व्हॅनिला-चेरीची गोड तंबाखू? बर्ली जातीच्या पानात स्वतःची साखर जवळजवळ नसते, म्हणून ते पाजाल तो पाक पितं. आपल्या हुक्केवाल्यांनी हे फार आधी करून त्याला नाव दिलं होतं : ‘गुडाखू’. गूळ अधिक तमाखू, मधली अक्षरं वितळलेली. गल्ल्यावरचे ओडिया कारागीर आज गुडाखू दाताला लावतात.

राहिली ती चिलीम. पाईप म्हणजे चिलीम आणि नेचा यांचं लग्नच. फरक इतकाच की चिलीम उभी धरतात, हा आडवा. चिलमीच्या बुडाशी गुंडाळायच्या ओल्या फडक्याला मराठीत ‘छापी’ म्हणतात. साईसच्चरितात घोडी हरवलेल्या चांद पाटलाच्या गोष्टीत बाबा चिमट्याने जमिनीतून निखारा काढतात आणि सटक्याने पाणी, ते या छापीसाठीच. हिंदीत तिलाच ‘साफी’, साफ करणारी. साफीचीच छापी झाली असावी, असा माझा तर्क आहे.

भाच्याने बुरकुंडाचा पाईप मागवला आणि सुरत-भुसावळ गाडीने आजीकडे अमळनेरला घेऊन गेला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला.

“चिलीमच शे ना ही. आन् छापी?”

त्याने दांडी उपसून आतली कागदाची चिमुकली गाळणी दाखवली.

“इतलीशी?” आजी म्हणाली, आणि पाईप परत देऊन चुन्याची डबी शोधायला लागली.