मेंढीची खूण आणि मेंढीची वाट

उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ मुलखात १८१७ साली एक गमतीदार पुस्तक छापले गेले. जोसेफ वॉकर नावाच्या गृहस्थाने तयार केलेल्या या 'शेफर्ड्स गाइड'मध्ये पानोपानी मेंढ्यांचीच चित्रे होती. सगळ्या मेंढ्या अगदी एकसारख्या, फरक फक्त खुणांचा. कुणाच्या डाव्या कानाचे टोक छाटलेले, कुणाच्या उजव्या कानाला खाच, तर कुणाच्या लोकरीवर रंगाचा पट्टा. सोबत मालकाचे नाव आणि गाव. त्या डोंगरांवर अनेकांचे कळप मोकळे चरत. दुसऱ्याची मेंढी आपल्या कळपात आली की पुस्तकात खूण शोधायची आणि ज्याची मेंढी त्याला पोचती करायची.

'ही मेंढी कुणाची?' या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हे पुस्तक होते. पुढे मात्र एक वेगळाच प्रश्न उभा राहिला : 'ही मेंढी कुठून आली, आणि वाटेत कुणाकुणाबरोबर होती?' हा प्रश्न विचारायला लावला तो साथीच्या रोगांनी. शेळ्यामेंढ्यांची ने-आण करताना आज जे बिल्ले, दाखले आणि नोंदवह्या लागतात, त्यांचा इतिहास म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास होय.

१८४७ साली युरोपातून आलेल्या मेंढ्यांबरोबर ब्रिटनमध्ये मेंढ्यांची देवी शिरली. दुसऱ्याच वर्षी जनावरांच्या साथींविरुद्ध तिथे कायदा झाला. पण खरा हादरा बसला तो १८६५ साली. बाल्टिक समुद्रावरील रेव्हेल (आजचे टॅलिन) बंदरातून गुरे घेऊन एक जहाज हल बंदरात आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत लंडनच्या गुरांच्या बाजारातून बुळकांडी देशभर पसरली. त्या वेळी जंतूंचा सिद्धान्त अजून प्रस्थापित व्हायचा होता. रोग हवेतून आपोआप उपजतो, असे मानणारे विद्वान पुष्कळ होते. अखेर १८६६ साली कायदा करून आजारी गुरे मारण्याची सक्ती झाली आणि गुरांच्या ने-आणीवर कडक बंधने आली. १८६७ पर्यंत बुळकांडी आटोक्यात आली. विषाणू कुणी पाहिला नव्हता. तरीही जनावरांची वाट अडवली की रोगाची वाट अडते, हे मात्र कळले.

वाट अडवणे हा झाला एक उपाय. पण जनावरे आधीच निघून गेली असतील तर? मग ती कुठे गेली ते शोधावे लागते. या बाबतीत गाय आणि मेंढी यांच्यात फार मोठा फरक राहिला. 'मॅड काऊ' रोगाच्या धक्क्यानंतर ब्रिटनमध्ये १९९६ पासून प्रत्येक नव्या वासराला स्वतःचा पासपोर्ट मिळू लागला. १९९८ पासून गुरांच्या हालचाली संगणकावर नोंदल्या जाऊ लागल्या. मेंढ्या संख्येने कितीतरी अधिक आणि किमतीने कितीतरी कमी. त्यामुळे त्यांच्यासाठी कळपाची खूण पुरेशी मानली गेली. कागदावर 'अमक्या शेतावरच्या इतक्या मेंढ्या' एवढेच असे. त्यांतली नेमकी कोणती कुठे गेली, हे कागद सांगू शकत नसे.

याची किंमत २००१ साली मोजावी लागली. २० फेब्रुवारीला एसेक्समधील एका कत्तलखान्यातील डुकरांना लाळ्या-खुरकूत झाल्याचे नक्की झाले. माग काढत पशुवैद्य नॉर्थंबरलंडमधील एका डुक्करपालन केंद्रापर्यंत पोचले. तिथल्या डुकरांना खरकटे खाऊ घातले जाई आणि बहुधा बेकायदा आणलेल्या मांसातून विषाणू त्यात आला असावा. विषाणूचा हा प्रकार 'पॅनएशिया' या नावाने ओळखला जातो. त्याचे सर्वांत जुने नमुने भारतातील, १९९० सालचे आहेत. दहा वर्षांत तो आशिया ओलांडून दक्षिण आफ्रिकेपर्यंत आणि मग ब्रिटनपर्यंत गेला होता.

डुक्करपालन केंद्रातून विषाणू वाऱ्याने जवळच्या एका शेतातील मेंढ्यांपर्यंत पोचला. मेंढ्यांमध्ये या रोगाची लक्षणे इतकी सौम्य असतात की चार दिवस लंगडण्यापलीकडे काही दिसत नाही. कुणाला शंका येण्याआधीच, १३ फेब्रुवारीला, त्यांतल्या काही मेंढ्या हेक्सॅमच्या बाजारात विकल्या गेल्या. तिथून व्यापाऱ्यांमार्फत रोग लाँगटाऊनच्या मोठ्या बाजारात पोचला आणि पुढे दूरदूरच्या जिल्ह्यांत गेला. काही सौदे बाजाराच्या रिंगणाबाहेर परस्परच होत, त्यामुळे त्यांचा माग लागणे आणखी अवघड झाले. २३ फेब्रुवारीला सर्व ने-आण बंद झाली. पण पहिला रोगी सापडला तेव्हाच पन्नासाहून अधिक ठिकाणी रोग पोचलेला होता, असे मागाहून लक्षात आले.

इथे थोडे गणित करून पाहू. समजा, एका शेतकऱ्याने ४० मेंढ्या बाजारात नेल्या. व्यापाऱ्याने त्या इतरांच्या १६० मेंढ्यांत मिसळल्या आणि वीस-वीसचे दहा गट करून दहा जणांना विकल्या. मूळच्या ४० मेंढ्या प्रत्यक्षात तिघांकडेच गेल्या असतील. पण वहीत फक्त संख्या असेल, तर दहाही खरेदीदार संशयित ठरतात. त्या दहांनी पुन्हा तसाच व्यवहार केला की संशयित होतात शंभर. प्रत्येक मेंढीला क्रमांक असता आणि तो दोन्ही टप्प्यांवर नोंदला असता, तर कदाचित नऊच दारे ठोठवावी लागली असती. अर्थात त्या काळात बाजारातल्या सहवासाने इतर मेंढ्यांनाही लागण होऊ शकते. पण मग कोणती मेंढी कोणत्या दिवशी कोणत्या बाजारात होती, हे कळणे अधिकच मोलाचे ठरते.

ब्रिटनमध्ये रोग २,०२६ ठिकाणी नक्की झाला. शेवटचा रोगी ३० सप्टेंबरला सापडला. तोवर साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली होती आणि त्यांत बहुसंख्य मेंढ्या होत्या. रोगग्रस्त शेताच्या शेजारचीही जनावरे मारण्याचे धोरण असल्याने, ज्यांना रोगाचा स्पर्शही झाला नव्हता असे कित्येक कळप नष्ट झाले. नोंदी चोख असत्या तर ही सारी कत्तल टळली असती, असे म्हणता येणार नाही. वारा नोंदवही पाहून वाहत नाही. लस वापरावी की नाही हा वादही होताच. परंतु माहिती नसते तेव्हा संशयाचे वर्तुळ मोठे काढावे लागते, आणि त्या वर्तुळात निरोगी जनावरे सापडतात.

या अनुभवानंतर युरोपीय संघाने शेळ्यामेंढ्यांसाठी नवा नियम केला. तो २००५ च्या जुलैपासून लागू झाला. त्याचे चार भाग होते : जनावराच्या अंगावर ओळख, प्रत्येक पालकाकडे नोंदवही, प्रत्येक प्रवासाबरोबर दाखला आणि देशपातळीवर एक मध्यवर्ती नोंद. २००९ च्या अखेरीपासून त्यात इलेक्ट्रॉनिक ओळखही आली. कानातल्या बिल्ल्यात किंवा पोटात राहणाऱ्या चिनीमातीच्या गोळीत एक चिप बसवलेली असते. तिला बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तिच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर ती आपला क्रमांक कळवते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेले विद्युत-चुंबकीय प्रवर्तन ते हेच! या क्रमांकात जनावरासाठी ३८ द्विमान अंक राखलेले असतात. म्हणजे एकेका देशाला २ चा ३८ वा घात, सुमारे २७,४८७ कोटी, इतके वेगवेगळे क्रमांक मिळतात.

मेंढपाळांना हे सारे सहज पटले नाही. खर्च वाढतो, काटेरी झुडपांत बिल्ले अडकून कान फाटतात, या त्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. जर्मनीतील एक मेंढपाळ तर युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. २०१३ साली न्यायालयाने नियम कायम ठेवला. साथीच्या नियंत्रणातून होणारा लाभ या त्रासापेक्षा मोठा आहे, असा निष्कर्ष त्यामागे होता.

आपल्याकडेही गुराम्हशींच्या कानात बारा अंकी क्रमांकाचे पिवळे बिल्ले आता सर्रास दिसतात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रोगनियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकूत लसीकरणाबरोबर अशा ओळखीवर भर आहे. पण दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारा आणि पावसाच्या तोंडावर परतणारा धनगरांचा वाडा डोळ्यांसमोर आणा. शेकडो मेंढ्या, रोज नवे शेत, वाटेत आठवडी बाजार. मेंढकाला आपली प्रत्येक मेंढी चेहऱ्यावरून ओळखू येते. ती विकली गेली की ही ओळख मात्र तिच्याबरोबर जात नाही. नियम करणाऱ्यांनी या फिरत्या माणसांना विचारूनच नियम केले, तर ते पाळले जाण्याची शक्यता अधिक.

वर्गात हे समजावायला एक खेळ घेता येईल. प्रत्येक मुलाला क्रमांक लिहिलेल्या चार चिठ्ठ्या द्या. तीन फेऱ्यांत मुलांनी आपापसांत चिठ्ठ्यांची देवाणघेवाण करावी. प्रत्येक वेळी निम्म्या वर्गाने 'किती दिल्या' एवढेच लिहावे. उरलेल्यांनी कोणता क्रमांक, कुणाला, कोणत्या फेरीत, हे सारे लिहावे. शेवटी एक क्रमांक 'आजारी' म्हणून जाहीर करा आणि फक्त वह्या पाहून तो कुणाकुणाच्या हातून गेला ते शोधायला सांगा. किती मुलांवर उगाच संशय घ्यावा लागतो, ते फळ्यावर मांडा. नोंद ठेवण्याचा कंटाळा करणाऱ्या मुलांनाही नोंदवहीचे मोल त्या आकड्यांवरून कळेल.