बावीस नंबरचे दार

2001 सालची गोष्ट. एका संस्थेसाठी मी घराघरांतल्या मोडी कागदांचे स्कॅन करत असे. कामासाठी रोज संस्थेत जाणे जमेना, म्हणून घरूनच तिच्या सर्व्हरवर शिरायचे ठरवले. युनिक्स मी पुस्तके वाचून, चुकत-माकत शिकलेलो. त्या यंत्रावर ‘आयनेटडी’ नावाचा द्वारपाल होता. त्याच्या यादीत ज्या ओळीपुढे # ही खूण, ते दार बंद. मी टेलनेट आणि एफटीपी या दोन ओळींपुढची खूण पुसली, द्वारपालाला यादी पुन्हा वाचायला लावली आणि काम सुरू झाले. तीन महिन्यांनी कोणीतरी माझ्याच नावाने, माझ्याच पासवर्डने आत शिरून सगळे पुसून गेले. सीडीवर निम्मेच स्कॅन होते.

ही दारे इतकी भाबडी कोणी बांधली, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला.

29 ऑक्टोबर 1969 च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकावर ‘लॉगिन’ हा शब्द टाइप करायला घेतला. एल गेले, ओ गेले आणि पलीकडचे यंत्र कोलमडले. तासाभराने जमले. म्हणजे आर्पानेट या जाळ्यावरचा पहिला संदेशच मुळी ‘आत येऊ का?’ असा होता. पुढे एप्रिल 1971 मध्ये एमआयटीतल्या अभय भूषण यांनी फाइल पाठवण्याच्या नियमांचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा लिहिला. भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. (आपल्याकडे संगणकाच्या गौरवकथा भरपूर सांगतात, त्यांत हे नाव क्वचितच येते.)

त्या वर्षी जाळ्यावर ठाणी होती मोजकीच. चाळीत दार नुसते लोटून घेतात, कारण जिन्यावर कोण चढतेय ते पावलांवरून कळते. तसाच तो कारभार. त्या माणसांना निष्काळजी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. अडचण झाली ती चाळ वाढत गेली आणि दारे तीच राहिली म्हणून. टेलनेटचे नियम 1983 मध्ये आणि एफटीपीचे 1985 मध्ये पक्के झाले. दोन्ही कागदांवर नावे जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांची. दोन्हींत पासवर्ड जसा टाइप करावा तसाच, उघड्या अक्षरांत, तारेवरून जातो. त्या काळी एका कचेरीतली यंत्रे बहुधा एकाच सामाईक तारेवर असत. दुसऱ्याच्या नावाचे पाकीट वाचायचे नाही, एवढाच संकेत. तो मोडणारे प्रोग्राम लिहिणे अवघड नव्हते.

1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर असेच पासवर्ड चोरले गेले. तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर एसएसएच लिहिले: आधी दोन्ही यंत्रे एक गुप्त किल्ली ठरवतात, मगच पासवर्ड निघतो, तोही कुलूपबंद. एफटीपीचे दार 21 क्रमांकाचे, टेलनेटचे 23. मधले 22 रिकामे होते. जुलैमध्ये युलोनेन यांनी क्रमांक वाटणाऱ्या कचेरीला पत्र लिहून तेच मागितले आणि मिळाले. होकार कळवणारे उत्तर जॉइस रेनॉल्ड्स यांचे होते. जुन्या दोन्ही दारांच्या नियमांवर जिचे नाव, तिनेच नव्या दाराचा क्रमांक दिला! हे जुळवताना मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या.

डिसेंबर 1999 पासून ओपनएसएसएच हे त्याचे मोफत रूपही मिळू लागले होते. लॉगिन आणि फाइलींची ने-आण, दोन्ही त्या एकाच दारातून होई. म्हणजे मी त्या दोन खुणा पुसल्या तेव्हा कुलूप बाजारात आले होते, तेही फुकट. माझे पुस्तक जुने होते आणि मी दुसरे पाहिले नाही.

नाहीसे झालेले स्कॅन तीन घरांतल्या कागदांचे होते आणि कागद तोवर परत गेले होते. मी पुन्हा गेलो. दोन घरांनी काही न विचारता दप्तरे काढून दिली. तिसरा वाडा त्याच उन्हाळ्यात पाडला होता.