नळीतल्या पेचाची कुळकथा

बंदूक हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला, काडतूस पोर्तुगिजांनी दिले आणि रायफल इंग्रजांबरोबर आली. परंतु या शेवटच्या शब्दाच्या पोटात ओरखडणे या अर्थाचे एक जुने फ्रेंच क्रियापद आहे, आणि ज्या ओरखड्यांवरून हत्याराचे नाव पडले त्या नळीतल्या मळसूत्री खाचा हेच त्याचे खरे कुलशील होय. सोळाव्या शतकात जर्मन कारागीर अशा खाचा पाडीत असत. मात्र नळीच्या किती लांबीत खाचेचा एक फेरा पुरा व्हावा, म्हणजेच पेच किती घट्ट असावा, हे उस्तादाचा हात ठरवी, आणि गोळी वाटोळी होती तोवर त्या अदमासावर निभावलेही.

खाचांच्या नळीचे गुण बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञाने १७४७ साली रॉयल सोसायटीपुढे शास्त्रीय रीतीने मांडले. पुढे कंपनी सरकारचा अभियंता म्हणून तो हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलोरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड या किल्ल्यात वारला. रायफलीच्या शास्त्राचा आद्य पुरुष आपल्याच भूमीत विसावला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

१८४९च्या सुमारास फ्रान्समध्ये मिनिए याने पोकळ बुडाची लांबट गोळी सिद्ध केली. ती नळीत सैल उतरे आणि दारूच्या दाबाने फुगून खाचांत बसे. त्याच धर्तीच्या गोळीसाठी घडवलेल्या १८५३च्या एन्फील्ड रायफलीची नळी .५७७ इंच व्यासाची असून तिच्या तीन खाचा ७८ इंचांत एक फेरा घेत. याच रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी १८५७ साली आपल्याकडे वणवा पेटवला.

परंतु पेचाच्या कथेतील निर्णायक प्रसंग मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रशास्त्रज्ञाच्या हातून घडला, असे माझे मत आहे. त्याने गोळीचे वजन एन्फील्डइतकेच, म्हणजे ५३० ग्रेन, ठेवून नळीचा व्यास .४५१ इंचावर आणला. तेवढेच शिसे बारीक नळीत बसवायचे म्हणून गोळी अपरिहार्यपणे लांब झाली, आणि तिला सावरण्यासाठी त्याने षट्कोनी नळीचा पेच २० इंचांत एक फेरा इतका घट्ट केला. १८५७च्या चाचण्यांत व्हिटवर्थची ही रायफल एन्फील्डहून कितीतरी अचूक ठरली आणि १८६० साली विम्बल्डनच्या मैदानावर व्हिक्टोरिया राणीने नेमबाजीच्या सामन्यांचा प्रारंभ तिच्याच बाराने केला. तरीही ती महाग होती आणि तिची अरुंद नळी दारूच्या काजळीने लवकर चोंदे, म्हणून लष्कराने तिचा स्वीकार केला नाही.

वजन तेच असता पेच चौपट घट्ट का करावा लागला, याचे उत्तर भोवऱ्यात आहे. हवेचा रेटा गोळीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे पडून तिला उलटवू पाहतो, आणि गोळी जितकी लांब व बारीक तितका तो रेटा प्रबळ व तिचा स्वतःचा भोवऱ्याचा जोर तोकडा; म्हणून लांब गोळीला अधिक वेगाने गरगरावे लागते. वुलिचच्या तोफखाना विद्यालयातील गणिताचे अध्यापक आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली याचा साधा हिशेब बसवून दिला: व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणावे व गोळीच्या लांबीने भागावे, म्हणजे एका फेऱ्याची लांबी मिळते. १८८८च्या ली-मेटफर्ड रायफलीची .३०३ व्यासाची, २१५ ग्रेनची गोळी सुमारे सव्वा इंच लांब होती. तिचा हिशेब अकरा इंचांच्या आसपास येतो, आणि नळीचा पेच प्रत्यक्षात १० इंचांचा होता. या सूत्रात वजनाला स्थानच नाही. तरीही बाजारात आजही ग्रेनांवरून पेच निवडतात, कारण एकाच व्यासाची व धातूची गोळी जड असेल तर ती बहुधा लांबही असते.

ही समजूत अपुरी कशी पडते ते अमेरिकेच्या एम-१६ रायफलीने दाखवले. तिच्या ५५ ग्रेनच्या गोळीला आरंभी १४ इंचांचा पेच होता. अतिशीत प्रदेशातील दाट हवेत गोळी डळमळू लागली, तेव्हा १९६३ साली तो १२ इंच केला. मग पोलादी गाभ्याची ६२ ग्रेनची गोळी आली. पोलाद शिशाहून हलके असल्यामुळे ती वजनाच्या मानाने लांब होती, आणि तिच्या जोडीची, मागे उजेडाची रेघ सोडणारी गोळी तर त्याहूनही लांब. सुधारित एम-१६ चा पेच या जोडीदारणीसाठीच ७ इंचांपर्यंत आवळण्यात आला.