टाकी भरलेली होती

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप.

आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. छोट्या शिडाच्या बोटीवर गोडं पाणी कसं सांभाळतात, त्याचा इतिहास. आणि हे सांगतोय कोण, तर बेलापूरचा माणूस. नाही, ते नवी मुंबईतलं सीबीडी बेलापूर नाही, तिथे निदान खाडी तरी आहे. आमचं बेलापूर श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठावर. सरळ रेषेत मोजलं तरी समुद्र दीडशे किलोमीटरच्या पुढे. श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनचं नावही बेलापूरच आहे, त्यामुळे गोंधळ आम्हाला नवीन नाही.

मग मी या विषयाकडे आलो कसा? तर माझ्या एका चुकीमुळे.

आमच्या भागात पाण्याचं गणित आवर्तनावर चालतं. वर भंडारदरा धरण, 1926 साली पूर्ण झालेलं. तिथून प्रवरेत आणि कालव्यात पाणी सुटतं आणि मधल्या दिवसांत साठवणीवर भागवायचं. घरून काम करत होतो तेव्हा मी गच्चीवरच्या टाकीला सेन्सर बसवला. पाणी किती टक्के आहे ते थेट मोबाईलवर! इंजिनिअर मुलगा म्हणून घरात भाव वाढला. आजी आधी दर दोन-चार दिवसांनी कुणाला तरी गच्चीवर पाठवायची, झाकण उघडून बघायला आणि वास घ्यायला. मी म्हटलं, "आजी, आता वर जायची गरज नाही."

सेन्सरची वायर आत घ्यायला मी झाकणाला भोक पाडलं होतं. ते नंतर बुजवायचं होतं. 'नंतर' म्हणजे काय, ते सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायला नको. पावसात गच्चीवरची घाण त्या भोकातून आत गेली. आजीला जुलाब लागले, दोन दिवस सलाईन लावावं लागलं. त्या दोन्ही दिवशी माझा मोबाईल दाखवत होता 92 टक्के. सेन्सर खोटं बोलत नव्हता. मीच त्याला अर्धा प्रश्न विचारला होता.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी शोधत होतो, की टाकी भरलेली असूनही पाणी गेलं असं आणखी कुणाचं झालंय का. आणि थेट समुद्रात जाऊन पोहोचलो.

पहिली गोष्ट 1968 ची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा इंग्रज खलाशी, वय 29, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा. त्याची बोट 'सुहेली', लांबी फक्त 32 फूट. ही बोट बांधली कुठे? आपल्या मुंबईत, सागवानी लाकडात, इथल्या कारागिरांच्या हातांनी. 14 जून 1968 ला तो इंग्लंडमधल्या फालमथहून एकटा निघाला. कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ वादळात लाटेने बोट आडवी केली. बोट परत सरळ झाली, पण काही दिवसांनी लक्षात आलं की टाक्यांमधलं पाणी खराब झालंय. निघून जेमतेम तीन महिने झाले होते आणि अर्ध्याहून जास्त पृथ्वी बाकी होती. बंदरात शिरला असता तर 'न थांबता' हा शब्दच संपला असता. त्याला तारलं ते टाकीबाहेर, वेगळ्या डब्यांत ठेवलेल्या पाण्याने आणि पुढे पावसाने. शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी गोळा करत तो 22 एप्रिल 1969 ला परत पोहोचला. 312 दिवस.

दुसरी गोष्ट आपल्या नौदलाची. साताऱ्यात फलटणजवळ विंचुर्णीला राहणारे निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी 'सागर परिक्रमा'चं स्वप्न धरून ठेवलं होतं. त्यासाठी गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली, 56 फूट लांबीची. 2009-10 मध्ये कमांडर दिलीप दोंदे चार ठिकाणी थांबत एकट्याने पृथ्वीला फेरी मारून आले. मग 1 नोव्हेंबर 2012 ला लेफ्टनंट कमांडर अभिलाष टॉमी मुंबईहून निघाले, एकटे आणि कुठेही न थांबता. 31 मार्च 2013 ला परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय.

आणि या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात काय झालं? गोड्या पाण्यात डिझेल मिसळलं. घर जवळ आलेलं, पाणी डोळ्यांसमोर, आणि पिता येत नाही. पुढचे दिवस घोट मोजून काढावे लागले.

चव्वेचाळीस वर्षांचं अंतर, बोटी वेगळ्या, माणसं वेगळी. पण दोन्हीकडे पाणी संपलं नव्हतं, ते बिघडलं होतं. बोटीवरच्या गोड्या पाण्याची देखभाल म्हणजे मुख्यतः हेच: पाणी मिळवणं एकदाच, सांभाळणं रोज.

आता हे काम कसं चालतं ते थोडक्यात बघू. डेकवर पाणी भरायचं एक तोंड असतं, त्याला झाकण आणि झाकणाला रबरी रिंग. ती रिंग कडक झाली की लाटेचं खारं पाणी हळूहळू आत झिरपतं. डिझेल भरायचं तोंडही डेकवरच असतं, म्हणून दोन्हींवर ठळक खूण करतात. नळी चुकीच्या तोंडात गेली की खेळ खलास. टाकीला हवेची बारीक नळी असते, तिलाही जाळी लागते. टाकीतून पाणी गाळणीतून पंपाकडे आणि तिथून नळाला जातं. नळ बंद असताना पंप मधेच सुरू झाला, तर कुठेतरी गळती आहे असं समजायचं. जाणते खलाशी हा आवाज झोपेतही ओळखतात. शिवाय पायाने चालवायचा साधा पंप ठेवतात, कारण बॅटरी गेली म्हणून तहान थांबत नाही.

आता कुणी म्हणेल, बोटीवर आरओ बसवा आणि मोकळे व्हा. बसवतात की. पण समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. ते वेगळं करायला 55-60 बार दाब लागतो. घरातला आरओ चार-पाच बारवर चालतो. आणि त्याचा पडदा नाजूक असतो. टाकी स्वच्छ ठेवायला जे क्लोरीन वापरायचं, तेच या पडद्याला खराब करतं, आणि तेलाचा तवंग लागला तरी तो कामातून जातो. म्हणजे यंत्र आलं तरी देखभाल सुटत नाही, उलट एक काम वाढतं.

म्हणून जुना नियम अजून टिकून आहे. पाणी एकाच टाकीत ठेवायचं नाही. टाक्यांमधले व्हॉल्व्ह बंद ठेवायचे, एका वेळी एकच टाकी वापरायची, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी वाचते. काही पाणी टाकीबाहेर, डब्यांत. निघण्याआधी प्रत्येक टाकीतलं पाणी चाखून बघायचं. भांडी धुवायला खारं पाणी, प्यायला गोडं.

आमच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' टाळणं म्हणतात आणि त्यावर मोठी प्रेझेंटेशन्स होतात. पण मंडळी, हे आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वी मराठीत लिहून ठेवलंय. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, साधारण 1715-16 चं. त्यात किल्ला बांधण्याबद्दल सांगितलंय की आधी पाणी बघा. पुढचा मुद्दा त्याहून भारी आहे: एक झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून साठवणीची वेगळी टाकी बांधा आणि ते पाणी जपा. सगळं सुरळीत असताना कोणता भाग दगा देईल याचा विचार करणारा हा माणूस आज असता, तर मी त्याला आमच्या टीमचा लीड केला असता.

आणि आजी? तिने ना आज्ञापत्र वाचलंय, ना समुद्र पाहिलाय. पण आमच्या घरात प्यायचं पाणी कायम वेगळ्या हंड्यात, कापडाने गाळून, झाकून असायचं. वापरायचं पाणी वेगळं. सेन्सर आला, गच्चीवरच्या टाकीचा नळ थेट स्वयंपाकघरात आला, आणि तो हंडा माळ्यावर गेला. तो माळ्यावर मीच टाकला होता.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "बाळा, तुझ्या मोबाईलला नाक नाही रे." आणि हंडा खाली काढायला लावला.

आता झाकणाचं भोक बुजवलंय. सेन्सर अजून आहे, पण रविवारी सकाळी मी स्वतः वर जातो, झाकण उघडतो, वाकून वास घेतो. दर वेळी मनात येतं, या कामासाठी बीटेक लागत नाही. पण बीटेक झाल्यामुळेच ते माझ्याकडून सुटलं होतं.

हा भाग संपला की एक करा. तुमच्या टाकीचं झाकण शेवटचं कधी उघडलं होतं, ते घरात विचारा. आणि विचारत बसू नका, जाऊन बघून या. भेटू पुढच्या भागात.