कळफलकावरील अक्षरांची पुनरावृत्ती

कळफलकावरील अक्षरांची पुनरावृत्ती म्हणजे संगणकाच्या कळफलकावरील एखादी कळ एकदाच दाबली असता तेच अक्षर दोन किंवा अधिक वेळा उमटण्याचा दोष होय. तांत्रिक व्यवहारात यास ‘की चॅटर’ असे म्हणतात. मात्र हे नाव काटेकोरपणे केवळ स्विचमधील विद्युत्-संपर्काच्या दोषास लागू पडते. कळ अडकणे, बिनतारी संकेत हरवणे किंवा संगणकाची मांडणी वापरकर्त्याच्या गतीस न मानवणे या कारणांनीही अक्षरे पुन्हा उमटतात. या प्रत्येकाचा उपाय वेगळा असल्याने दुरुस्तीपूर्वी कारण ओळखणे महत्त्वाचे ठरते.

स्वयंचलित पुनरावृत्ती

कळ दाबून धरल्यास अक्षर वारंवार उमटणे हा मूलतः दोष नसून सोय आहे. १९८४ साली आलेल्या आयबीएम पीसी एटी या संगणकाच्या कळफलकात कळ दाबल्यापासून ५०० मिलिसेकंदांनी पुनरावृत्ती सुरू होई आणि पुढे सेकंदाला सुमारे १०.९ अक्षरे उमटत. हा विलंब २५० ते १००० मिलिसेकंदांच्या दरम्यान आणि वेग सेकंदाला २ ते ३० अक्षरांच्या दरम्यान बदलता येत असे. त्या काळी हे काम कळफलकातील नियंत्रक करी. यूएसबी कळफलक मात्र कोणती कळ दाबलेली आहे एवढेच कळवतो आणि पुनरावृत्ती संगणकाची कार्यकारी प्रणाली घडवते. त्यामुळे आता विलंब व वेग बदलण्याची सोय प्रणालीच्या सेटिंगमध्ये असते.

कारणे

संपर्काची उसळी : यांत्रिक स्विचमधील धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींस भिडताना क्षणभर उसळतात आणि संपर्क अनेकदा जुळतो-तुटतो. नव्या स्विचमध्ये ही उसळी साधारणतः ५ मिलिसेकंदांच्या आत शमते. तेवढा काळ येणारे जादा संकेत नियंत्रक दुर्लक्षितो. या क्रियेस डीबाउन्सिंग म्हणतात. क्यूएमके या मुक्त फर्मवेअरमध्ये ही मर्यादा मूलतः ५ मिलिसेकंदांची आहे. झीज, धूळ किंवा गंज यांमुळे उसळी या मर्यादेपलीकडे लांबली की एका दाबाचे दोन दाब नोंदले जातात. प्रकाशकिरणावर किंवा चुंबकीय हॉल परिणामावर चालणाऱ्या स्विचमध्ये धातूचा संपर्क नसल्याने ही उसळी उद्भवत नाही.

कळ अडकणे : चहा, सरबत यांसारखे साखर असलेले पेय सांडल्यास ते वाळून चिकट थर बनते व कळ वेळेवर वर येत नाही. अशा वेळी स्वयंचलित पुनरावृत्ती सुरू होऊन अक्षरांची रांग उमटते.

संकेत हरवणे : बिनतारी कळफलकाची बॅटरी क्षीण झाल्यास किंवा अडथळा आल्यास कळ सुटल्याचा संकेत संगणकापर्यंत पोहोचत नाही आणि कळ दाबलेलीच आहे असे समजून अक्षर उमटत राहते. यूएसबी ३.० उपकरणांतून निघणारा विद्युत्-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील बिनतारी उपकरणांना बाधक ठरतो, असे इंटेल कंपनीने २०१२ मध्ये दाखवून दिले. दूरस्थ संगणकावर काम करताना जाळ्याचा वेग मंदावल्यासही असाच परिणाम होतो.

मांडणी व वापरकर्ता : विलंब फार कमी ठेवलेला असल्यास कळ सावकाश सोडणाऱ्या व्यक्तीच्या हातून अक्षरे दुप्पट होतात. वार्धक्य, हाताचा कंप किंवा संधिवात असलेल्यांना हा अनुभव विशेष येतो. येथे यंत्रात बिघाड नसतो आणि व्यक्तीची चूकही नसते. दोघांच्या गतीचा मेळ तेवढा नसतो.

निदान

पुनरावृत्तीच्या रूपावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. एका विशिष्ट कळेचेच अक्षर अधूनमधून नेमके दोनदा आणि जवळजवळ एकाच क्षणी उमटत असल्यास संपर्काच्या उसळीचा संभव अधिक असतो. तीच कळ हेतुतः दोनदा दाबण्यास माणसाला साधारणतः १०० ते २०० मिलिसेकंद लागतात. सदोष स्विचमधील दुसरा संकेत त्याहून पुष्कळ लवकर येतो. कळ दाबल्यावर किंचित थांबून अक्षरांची रांग उमटत असल्यास कळ अडकली आहे किंवा ती सुटल्याचा संकेत हरवला आहे असे समजावे. सर्वच कळांबाबत तक्रार असल्यास आधी मांडणी, बॅटरी व जोडणी तपासणे इष्ट ठरते.

यानंतर दुसरा कळफलक त्याच संगणकास आणि शंकास्पद कळफलक दुसऱ्या संगणकास जोडून पाहतात. दोष कळफलकासोबत गेला तर तो कळफलकातच असतो. संगणकापाशीच राहिला तर मांडणी किंवा जोडणीची जागा तपासावी लागते. कार्यकारी प्रणाली सुरू होण्यापूर्वीच्या बायोस पडद्यावरही लॅपटॉपची अक्षरे दुप्पट उमटत असल्यास प्रणालीच्या मांडणीस दोष देता येत नाही.

उपाय

मांडणीतील बदल विनाखर्च असल्याने तो प्रथम केला जातो. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधील कीबोर्ड विभागात रिपीट डिले व रिपीट रेट ही दोन सेटिंगे असतात. ‘फिल्टर कीज’ या सोयीने एकाच कळेचे लागोपाठ आलेले दाब दुर्लक्षिता येतात. उजवी शिफ्ट कळ ८ सेकंद दाबून धरल्यास ती सुरू होते. नोम या लिनक्स मेजपटलात ‘बाउन्स कीज’ नावाने अशीच सोय आहे. अपंग व्यक्तींना संगणक वापरता यावा यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठातील ट्रेस सेंटर येथे ग्रेग व्हँडरहायडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून या सोयी विकसित झाल्या आणि विंडोज ९५ पासून त्या प्रणालीतच अंतर्भूत झाल्या.

बिनतारी कळफलकाची बॅटरी बदलतात आणि त्याचा ग्राहक यूएसबी ३.० उपकरणापासून लांब, आवश्यक तर जोडतारेच्या साहाय्याने, बसवतात.

साफसफाईपूर्वी कळफलक संगणकापासून वेगळा करणे आणि लॅपटॉप पूर्णपणे बंद करणे आवश्यक असते. कळफलक उलटा धरून झटकल्यास व दाबाची हवा मारल्यास सुटी धूळ निघते. चिकट थरासाठी कळेची टोपी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अल्प वापर करतात आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच जोडणी करतात. झिजलेला यांत्रिक स्विच बदलता येतो. काही कळफलकांत तो डाख न लावता खोबणीतून काढता येतो, इतरांत डाख सोडवावा लागतो. रबरी घुमटांच्या स्वस्त कळफलकात दुरुस्तीपेक्षा नवा कळफलक घेणे सहसा परवडते.

लॅपटॉपच्या कळा वर उचलल्यासारख्या दिसत असल्यास आतील बॅटरी फुगलेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी कळा दाबत किंवा उचकटत न राहता संगणक बंद करून, चार्जर काढून तंत्रज्ञाकडे नेणे सुरक्षित असते.

मराठी टंकलेखनावरील परिणाम

रोमन अक्षरे टंकून देवनागरी उमटवणाऱ्या लिप्यंतर पद्धतींत रोमन अक्षराची द्विरुक्ती अर्थपूर्ण असते. स्वराच्या द्विरुक्तीने दीर्घ स्वर उमटतो, व्यंजनाच्या द्विरुक्तीने जोडाक्षर. त्यामुळे एका जादा अक्षराने ‘दिन’चा ‘दीन’, ‘कल’चा ‘काल’ आणि ‘हला’चा ‘हल्ला’ होऊ शकतो. हे सर्व शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली त्यांवर बोट ठेवत नाही. चूक अर्थ लावून वाचणाऱ्यासच आढळते.

इन्स्क्रिप्ट पद्धतीत जादा व्यंजन स्वतंत्रपणे उमटते व चटकन नजरेस येते. जादा काना किंवा वेलांटी पुष्कळदा टिंबांच्या वर्तुळासह दिसते. परंतु काही टंकांत दुसरा अनुस्वार पहिल्यावरच बसतो व डोळ्यांना दिसत नाही. संगणकाच्या लेखी तो शब्द निराळा असल्याने शोध घेतल्यास सापडत नाही, किंवा दप्तरातील नावाशी जुळत नाही. परवलीचा शब्द टंकताना अक्षरे झाकलेली असल्याने कोणत्याही भाषेतील वापरकर्त्यास दोष उमगत नाही आणि वारंवारच्या चुकांनी खाते बंद पडू शकते.

उपायाचाही भाषेशी संबंध आहे. दोन दाबांतील अंतराची मर्यादा फार मोठी ठेवल्यास हेतुतः केलेली द्विरुक्तीही गाळली जाते. लिप्यंतर पद्धतीत त्यामुळे ‘पक्का’चा ‘पका’ होतो. इन्स्क्रिप्टमध्ये दोन क-कारांच्या मध्ये हलन्ताची कळ येत असल्याने हा शब्द सुरक्षित राहतो. पण ‘ममता’, ‘ननंद’, ‘ससा’ यांसारख्या शब्दांतील एक अक्षर गळू शकते. म्हणून ही मर्यादा लहान ठेवून, असे शब्द टंकून पाहून ती हळूहळू वाढवणे हितावह असते.

उल्लेखनीय प्रकरण

ॲपल कंपनीने २०१५ च्या १२ इंची मॅकबुकमध्ये ‘बटरफ्लाय’ ही अतिशय कमी उंचीची कळरचना आणली व पुढे ती मॅकबुक प्रोमध्येही वापरली. या कळफलकांतील अक्षरे पुन्हा उमटणे, न उमटणे व कळा चिकटणे अशा तक्रारी वाढल्यावर कंपनीने जून २०१८ मध्ये प्रथम विक्रीपासून ४ वर्षांपर्यंत मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. नोव्हेंबर २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये कंपनी पुन्हा जुन्या धर्तीच्या कात्री-रचनेकडे वळली. अमेरिकेतील ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड झाली. तीत कंपनीने दोष मान्य केला नाही.

हेसुद्धा पाहा

कळफलक
इन्स्क्रिप्ट
देवनागरी
टंकलेखन यंत्र
यूएसबी