हिवाळ्यातील खाडी, गळ आणि सोबतचे लहान मूल

दिवाळी सरते, नद्यांचे गढूळ पाणी निवळते आणि कोकणातील खाड्यांचा खरा मोसम सुरू होतो. खोल समुद्रातील पापलेट-सुरमईची चर्चा बाजारात नेहमीच होत असते. खाडीच्या काठावर चिव्याची काठी आणि तंगूस घेऊन बसणाऱ्यांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कोकणात या उद्योगाला ‘गरवणे’ असा सुटसुटीत शब्द आहे. नाताळच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून गावी गेलेली कुटुंबे आपल्या चार-सहा वर्षांच्या मुलांना घेऊन गरवायला जातात, तेव्हा बहुतेकांची तयारी गळ आणि आमिष यांपुरतीच असते. पाण्याची वेळ पाहून निघणारे थोडे. वास्तविक लहान मूल सोबत असताना माशांपेक्षा भरती-ओहोटीचा विचार आधी करावा लागतो.

उदाहरणादाखल सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कर्ली नदीची खाडी घेता येईल. सह्याद्रीतून उतरलेली ही नदी वालावल, नेरूरपार या गावांवरून वाहत येऊन देवबागजवळ समुद्राला मिळते. एका बाजूला अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूला नदी यांच्यामध्ये देवबागची चिंचोळी वाळूची जीभ पसरली आहे. पलीकडे वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे. पावसाळ्यात येथे गोड्या पाण्याचा लोंढा असतो. ऑक्टोबरनंतर नदीचा जोर ओसरतो आणि भरतीबरोबर समुद्राचे खारे पाणी आतवर शिरू लागते. खारे पाणी जड असल्याने ते तळाशी राहते, गोडे पाणी वरून वाहते. हे पाणी आत येताना अन्नाच्या शोधात निघालेले मासेही कांदळवनाच्या मुळांपर्यंत येतात. पाणी स्वच्छ, आभाळ निरभ्र आणि समुद्र शांत असा हा काळ साधारण फेब्रुवारीपर्यंत टिकतो.

आता वेळेविषयी. जुन्या मच्छीमारांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. दिवसातून दोन भरत्या येत असल्याने ही वेळ पहाटे-सकाळचीही असते व दुपार-संध्याकाळचीही. हा हिशेब भरती रोज ४५ मिनिटांनी पुढे सरकते असे धरतो. प्रत्यक्षात ती सरासरी ५० मिनिटांनी सरकते. त्यामुळे पंधरवड्याच्या उत्तरार्धात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू लागतो. शिवाय हे गणित मुंबईच्या आसपास अधिक जुळते. मालवण-गोव्याकडे भरती काहीशी आधी येते. आज भरतीची कोष्टके मोबाइलवरही मिळतात व ती अधिक नेमकी असतात. तरीही पाऊणपटीचा हिशेब पाठ असलेला बरा, कारण खाडीच्या वळणावर मोबाइलला नेटवर्क असेलच असे नाही.

मुलांसाठी उधाणाचे दिवस टाळावेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि त्यानंतरचे एक-दोन दिवसही, पाण्याची चढउतार मोठी असते. मुंबईत ती चार मीटरांहून अधिक होते, सिंधुदुर्गात दोन-अडीच मीटरांच्या घरात राहते. उंचीतील हा फरक सहा तासांत समान वाटला जात नाही. पहिल्या व शेवटच्या तासात पाणी जेमतेम बाराव्या हिश्शाने हलते. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र निम्मी भरती उरकते. काठावर शांत बसलेल्या माणसाला पाणी ‘अचानक’ वाढल्यासारखे वाटते ते याच वेळी. हिवाळ्यात मोठी भरती मध्यरात्रीची असते व दुपारची त्या मानाने लहान, ही एक सोय म्हणावी लागेल. पावसाळ्यात नेमके उलट असते.

सर्वांत सोयीचा दिवस पंचमीच्या आसपासचा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पाऊणपटीने पूर्ण भरती पावणेचार वाजता येते. म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी साडेनवाच्या सुमारास, मालवणकडे त्याहून थोडी आधी. सकाळी आठला निघावे. उतरत्या पाण्यात उघड्या पडलेल्या काठालगतच्या वाळूत मुलाला तिसऱ्या-मुळे वेचू द्यावेत. पाणी थबकले की, म्हणजे ते फिरण्याआधीच, वाळूवरून उठून पक्क्या काठावर यावे आणि चढत्या भरतीचा पहिला तास-दीड तास गरवण्यासाठी ठेवावा. वाळूवर ओहोटीत जायचे आणि गळ भरतीत काठावरून टाकायचा, हा क्रम उलटा करू नये. खाडीच्या मुखाशी असलेली वाळूची बेटे मोठ्या माणसांनाही फसवतात. देवबागच्या संगमाजवळचा ‘त्सुनामी आयलंड’ म्हणून पर्यटकांत प्रसिद्ध असलेला वाळूचा पट्टा हे त्याचेच उदाहरण : ओहोटीत चालण्याजोगा, भरतीत पाण्याखाली. बेट आणि काठ यांमधला खोलगट भाग सर्वांत आधी भरतो, त्यामुळे पाय कोरडे असतानाच परतीची वाट बंद झालेली असते. मुखाशी ओहोटीचा ओढ समुद्राकडे असतो. तेथे मुलाला घोटाभर पाण्यातही उतरवू नये.

पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे या दिवसांत बोचरे असतात. कोकणची थंडी ती काय, असे म्हणून पातळ कपड्यांत मुलांना नेले जाते. परंतु वजनाच्या मानाने मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग अधिक असल्याने ते मोठ्यांपेक्षा लवकर गारठते, आणि भिजलेल्या कपड्यांत तर फारच लवकर. ओठ निळसर दिसू लागले, मूल गप्प झाले, की मासे राहू द्यावेत. कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड आणि टॉवेल ही गळाइतकीच आवश्यक वस्तू आहे. दहा वाजले की याच ठिकाणी ऊन चटके देऊ लागते, तेव्हा टोपी व पाणीही हवे. पायात पट्ट्याच्या सँडल असाव्यात. अनवाणी पाय कालवांच्या धारदार शिंपल्यांनी कापतात आणि गमबूट चिखलात रुततात. अंगात मापाचे लाइफ जॅकेट हवेच, काठावर बसायचे असले तरीही. होडीत बसताना ते नसेल तर होडीत बसू नये.

गरवण्याचे सामान थोडके असावे. मुलाच्या उंचीची चिव्याची काठी, तेवढाच लांब तंगूस, एक लहान गरी, शिशाचा मणी आणि बुचाचा तुकडा एवढे पुरते. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. मासा निसटण्याची शक्यता वाढते, पण बोटात घुसलेली गरी सहज निघते. काटा न दाबलेली गरी रुतली तर ती ओढून काढण्याचा प्रयत्न न करता डॉक्टर गाठावा आणि धनुर्वाताच्या लशीची चौकशी करावी. काठी फिरवणाऱ्याच्या मागे मुलाने कधीही उभे राहू नये, कारण मागे झेपावणारी गरी नेमकी डोळ्याच्या उंचीवरून जाते. आमिष म्हणून सोललेली सुंगटे किंवा तिसऱ्याचे मांस चालते. पाग हे मोठ्यांचेच काम आहे. फेकलेल्या जाळ्याचे वजन आणि पाण्याची ओढ दोन्ही मुलाला झेपणारी नाहीत.

कोणता मासा लागेल याची मुलाला आधी कल्पना दिली तर त्याचा हिरमोड कमी होतो. खाडीत सर्वाधिक उड्या मारताना दिसते ती बोय. पण ती चिखलावरचे शेवाळ आणि कुजका पाला खरवडून खाते, सुंगटाकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून ती पागात सापडते, गळाला क्वचितच. कणकेच्या गोळीवर कधी फसते. कांदळवनाच्या मुळांत तांबोशीची पिल्ले दबा धरून असतात. त्यांचा झटका जोरकस असतो आणि लागताच ती मुळांकडे पळतात. लहान हातांना सर्वांत योग्य तो काळुंदर. गोवेकरांचा आवडता आणि केरळात ‘करिमीन’ या नावाने राज्य मासा ठरलेला हा चपटा मासा आपल्या अंड्यांची व पिल्लांची राखण करतो. नर-मादी दोघेही पिल्लांच्या थव्याभोवती फिरत राहतात. जिताडा, ज्याला दक्षिणेकडे चोणक म्हणतात, त्याचे आयुष्य आणखी नवलाचे : हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. पाचेक वर्षांच्या श्रोत्याला ही हकीकत गळापेक्षा अधिक वेळ गुंतवून ठेवते.

शिंगाळा मात्र मुलाच्या हाती देऊ नये. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांशी एकेक असे तीन काटे विषारी असतात. काटा लागल्यास जखम धुऊन तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने वेदना शमतात. पाण्याची ऊब आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने पाहावी, कारण दुखणाऱ्या मुलाला चटक्याची जाणीव राहत नाही. नंतर डॉक्टरांना दाखवावे. वाळूत अंग पुरून बसलेल्या पाकटाचा काटाही याच उपायाने आवरतो. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालले की पाकट आधीच दूर सरकते. काही ठिकाणी धोका याहून मोठा आहे. वाशिष्ठीत चिपळूणच्या परिसरात आणि गोव्यातील कुंभारजुवे कालव्यात मगरींचा वावर आहे. अशा जागी काठावरून पाय सोडून बसण्याची हौस करू नये, आणि नव्या जागी गेल्यावर पहिला प्रश्न स्थानिक माणसाला हाच विचारावा.

कुर्ल्यांविषयी एक समज सर्वत्र ऐकू येतो की अवसेच्या भरलेल्या आणि पुनवेच्या पोकळ. कात टाकल्यानंतर कुर्ली काही काळ खरोखरच मांसाने हलकी असते. तिथीचा संबंध किती, हा प्रश्न वेगळा. मुलांना पोटाखाली अंड्यांचा गुच्छ असलेली मादी दाखवावी व ती लगेच सोडावी. नांग्या धरण्याचा प्रयोग मोठ्यांनी करावा. तिसऱ्या-कालवे वेचताना जागा पारखून घेणे अगत्याचे आहे. हे प्राणी पाणी गाळून जगतात, म्हणून पाण्यातील जंतू आणि जड धातू त्यांच्या अंगात साठतात. ठाणे खाडीसारख्या शहरी व औद्योगिक सांडपाणी मिळणाऱ्या ठिकाणचे शिंपले मुलांच्या ताटात येऊ नयेत.

खाडीत लागणारे बहुतेक मासे ओंजळीएवढेच असतात, कारण कांदळवने ही माशांच्या पिल्लांची वाढण्याची जागा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली, राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. तरी भराव आणि वाळूउपसा यांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. छोटा मासा परत सोडायचा असेल तर हात आधी पाण्यात ओले करावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो आणि तो पुढे रोगाला बळी पडतो. मासा वरून भिरकावू नये. पाण्यात धरून ठेवावा, तोंड प्रवाहाकडे करावे आणि त्याने स्वतःहून शेपटी हलवली की बोटे सैल करावीत. हे काम लहान मुले मोठ्यांपेक्षा चांगले करतात. त्यांना घाई नसते.